आईचे आठ तास

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

नंदुरबार जिल्हा म्हटलं की बाहेरगावच्या माणसांना दोनच गोष्टी आठवतात. एक सातपुडा आणि दुसरी कुपोषण. 'पोराचा नंबर कुठे लागला?' 'शहाद्याला.' 'अरे बापरे, ते कुपोषणवालं का?' होस्टेलमधल्या निम्म्या मुलांच्या घरी हा संवाद झालेला असणार! मग पोरं इथं येतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, केळी, पपई, कापूस बघतात आणि चक्रावून जातात. तापी-गोमाईच्या पाण्याचा, काळ्या जमिनीचा, साखर कारखाना असलेला हा तालुका. इथं कुपोषण कसं काय?

यावर मेसमध्ये दोन ठरलेली उत्तरं ऐकायला मिळतात. पहिलं, 'अरे ते वर डोंगरात, धडगाव-अक्कलकुव्याकडे. इथं खाली नाही.' आणि दुसरं, 'त्यांना खायलाच मिळत नाही ना. धान्य वाटलं की झालं.' दोन्ही उत्तरं अर्धीच खरी आहेत. आणि आपल्या एनएसएसच्या शिबिरात शेवटच्या दिवशी जो खाऊवाटपाचा कार्यक्रम होतो, तो या दुसऱ्या अर्ध्या उत्तरावर उभा आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी कुपोषण म्हणजे नक्की काय ते पाहू. मूल 'बारीक आहे' म्हणजे तीव्र कुपोषित असं नाही. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा उंचीच्या मानाने वजन ठरलेल्या रेषेच्या फारच खाली गेलं, किंवा दोन्ही पायांवर दाबलं की खड्डा पडेल अशी सूज असली, तर ते मूल तीव्र कुपोषित धरतात. साडेअकरा सेंटिमीटर घेर म्हणजे व्यास किती? पायने भागा. ३६ ते ३७ मिलिमीटर येतो. वर्कशॉपमध्ये लेथवर एवढ्या जाडीचा जॉब आपण सहज लावतो. तेवढा दंड, आणि त्यात हाड, मांस, कातडी सगळं आलं! अशा मुलाचा मृत्यूचा धोका धडधाकट मुलापेक्षा नऊ ते बारा पट जास्त असतो. ते उपाशी मरतं असं नाही. साध्या जुलाबाने, न्यूमोनियाने जातं. दुसरं मूल ज्या आजारातून आठ दिवसांत उठतं, त्यातून हे उठत नाही. सुजेच्या बाबतीत तर आणखी फसगत होते. मूल गुटगुटीत दिसतं आणि घरचे निर्धास्त राहतात.

आता आकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमागे ३५ मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत, २५-२६ मुलं उंचीच्या मानाने हडकुळी आहेत आणि त्यातली जवळजवळ ११ अतिशय हडकुळी. देशाचा हा शेवटचा आकडा ७.७ आहे. म्हणजे आपलं 'प्रगत' राज्य इथे देशाच्याही मागे! आपल्या जिल्ह्यात तर निम्म्याहून जास्त मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी भरलं. एवढी मुलं काही फक्त डोंगरात राहत नाहीत. शहाद्याच्या आजूबाजूच्या गावांत, शेतमजुरांच्या वस्त्यांमध्येही ती आहेत. पपईच्या बागेच्या बांधावर झोळीत झोपलेलं बाळ आपण सगळ्यांनीच पाहिलेलं आहे.

सुपीक जमीन आणि हडकुळी मुलं ही जोडी फक्त आपलीच नाही. पश्चिम आफ्रिकेत माली नावाचा देश आहे. त्याच्या दक्षिणेला सिकासो हा प्रदेश. पाऊस चांगला, धान्य भरपूर आणि कापूस तर देशात सगळ्यात जास्त. तरीही तिथल्या मुलांचं कुपोषण मोठं. अभ्यासकांनी याला 'सिकासोचं कोडं' असं नावच देऊन टाकलं. शेजारच्या नायजर देशात २००५ साली कुपोषणाचं मोठं संकट आलं, तेव्हा मुलांनी दवाखाने भरून गेले ते मराडी भागात. हा मराडी भाग म्हणजे त्या देशाचं धान्याचं कोठार! तेव्हा शेतात काय पिकतं यावरून बाळाच्या ताटात काय पडतं ते कळत नाही. मध्ये बरंच काही घडतं. ते 'मध्ये' काय आहे, तेच आपल्याला बघायचं आहे.

थोडं गणित करू. आपल्याला गणिताशिवाय पटत नाही!

लहान मुलाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर अन्न मावतं. दहा महिन्यांचं, सात किलोचं बाळ घ्या. त्याच्या पोटात एका वेळी मावणार २१० मिलिलिटर, म्हणजे एक मोठी वाटी. या वयाच्या बाळाला दिवसाला साधारण ६९० कॅलरी लागतात (आपल्या भाषेत किलोकॅलरी). आई दिवसभर जवळ असेल आणि अंगावर पाजत असेल तर निम्म्याहून जास्त भाग दुधातूनच मिळतो. वरच्या अन्नातून ३०० कॅलरी मिळाल्या की पुरे. आता पातळ पेज घ्या. एका ग्रॅममध्ये ०.४ कॅलरी धरल्या तर वाटीभर पेजेत ८४ कॅलरी झाल्या. म्हणजे दिवसातून तीन-चार वाट्या. आई घरी असेल तर हे जमण्यासारखं आहे.

पण आई घरी नाही. ती सकाळी कापूस वेचायला, मिरची तोडायला गेली, ती दिवस मावळताना येणार. मधले आठ तास दूध बंद. निम्मं दूध बुडालं असं धरलं तर वरच्या अन्नातून ४९५ कॅलरी यायला हव्यात. म्हणजे तीच पेज सहा वाट्या! सहा वेळा बाळाला मांडीवर घेऊन, चमच्याने, न ओकता भरवायचं कोणी? घरात असते सात वर्षांची ताई. ती बिचारी स्वतःच लहान. बाळ दोन घास खाऊन तोंड फिरवतं, ती वाटी बाजूला ठेवते आणि खेळायला जाते. चूक तिची म्हणायची का?

या हिशोबात घरात धान्य नाही असं कुठेच म्हटलेलं नाही, हे लक्षात घ्या. ज्वारी आहे, तांदूळ आहे, रेशन मिळतं. मोठी माणसं भाकरी-डाळ खाऊन पोट भरतात. बाळाचं पोट लहान, म्हणून त्याला घट्ट, तेल घातलेलं, वरचेवर भरवलेलं अन्न लागतं. तीच पेज सोडून तेल घातलेली घट्ट, मऊ खिचडी दिली आणि ग्रॅमला एक कॅलरी मिळाली, तर सहाऐवजी अडीच वाट्यांत काम होतं. पण खिचडी शिजवायला, गार करायला, बसून भरवायलाही माणूस लागतंच. गरीब घरात सगळ्यात जास्त टंचाई असते ती आईच्या वेळेची. माझा मुद्दा एवढाच आहे.

कुणी म्हणेल, फक्त आईच्या वेळेवर का येता? इतर कारणं नाहीत का? आहेत ना. भरपूर आहेत.

साखळी बाळाच्या जन्माआधीच सुरू होते. मुलीचं लग्न अठराच्या आत झालं, ती स्वतःच अशक्त, अंगात रक्त कमी, त्यात नवव्या महिन्यापर्यंत शेतात वाकून काम. मग बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मतं. म्हणजे शर्यतीत मागून सुरुवात. वर सांगितलेल्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यानंतर लगेच पाठचं भावंड. १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाई आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये (आजचा घाना) काम करत होत्या. अंगावर सूज येणाऱ्या कुपोषणाला तिथले लोक 'क्वाशिओरकर' म्हणायचे. अर्थ काय, तर पाठचं मूल आलं की आधीच्याला होतो तो आजार. दूध तुटलं, आईची मांडी गेली, की मूल सुजतं. त्या बायकांना हे शास्त्रज्ञांच्या आधी कळलं होतं!

मग पाणी आणि आजारपण. अस्वच्छ पाण्याने जुलाब होतात, जुलाबाने भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही, अंगातली ताकद जाते आणि मग पुन्हा जुलाब. कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांनी शिकवलेला पॉझिटिव्ह फीडबॅक तो हाच, फक्त इथे जे वाढत जातं ते नुकसान. आपल्या भागातल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. तशी मुलं वारंवार आजारी पडतात आणि नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी त्यांचं भागत नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी जमीन. १९७० च्या दशकात याच शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या नेतृत्वाखाली आदिवासी शेतमजूर उभे राहिले, ते कर्जात आणि सावकारीत गेलेल्या जमिनीसाठी आणि मजुरीसाठी. त्या चळवळीत बायकांनी गावोगाव दारूचे मडके फोडले. मजुरी घरापर्यंत पोचली नाही तर चूल पेटत नाही, हे त्यांना कुणी लेक्चर देऊन शिकवलं नव्हतं.

ही सगळी कारणं खरी आहेत. पण ती सगळी शेवटी एकाच ठिकाणी येऊन आदळतात. अशक्त आईला जास्त वेळ लागतो, तिला वेळ नाही. आजारी बाळाला जास्त वेळा भरवावं लागतं, वेळ नाही. दवाखान्यात न्यायला दिवस मोडावा लागतो, मजुरी बुडते. जमीन नाही म्हणून मजुरी, मजुरी म्हणून वेळ नाही.

आणि आठ तासांची ही टंचाई दिवाळीनंतर पाच-सहा महिन्यांची होते. दिवाळी झाली की शहाद्याच्या स्टँडवर भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं दिसायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे बाईला घरी बसता येतच नाही, ती बसली तर अर्धा कोयताच बसला! पहाटे अंधारात फडात जायचं, बाळ उसाच्या पाचटावर नाहीतर झोपडीत. गावातली अंगणवाडी मागे राहिली, तिथला पोषण आहार मागे राहिला, नवव्या महिन्याची गोवराची लस चुकली. २०२२ साली महिला व बालविकास विभागाने नंदुरबारसह काही जिल्ह्यांत स्थलांतरित माता-बालकांची नोंद ठेवणारी संगणकप्रणाली सुरू केली. चांगली गोष्ट आहे. पण नोंद पोचली म्हणजे वाटी पोचली असं होत नाही.

आता सरकारकडे वळू. 'सरकार काहीच करत नाही' म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यातून गावोगाव अंगणवाड्या आल्या. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे आणि पाठोपाठ मेळघाटातले बालमृत्यू गाजले, त्यानंतर नवसंजीवनी योजना आली. २००१ साली डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला, सरकारी कागदावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त मुलं मरतात हे त्यातून कळलं. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण मिळू लागलं. तीव्र कुपोषित मुलांसाठी ग्राम बालविकास केंद्रं आहेत, मोठ्या दवाखान्यांत पोषण पुनर्वसन केंद्रं आहेत. आपल्याकडच्या अंगणवाडीताई जेवढं काम करतात तेवढं आपल्यापैकी किती जण करतील, शंका आहे.

तरी एक फट राहतेच. अंगणवाडीत बसून गरम जेवण मिळतं ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना घरी नेण्याचं पाकीट. आणि मूल सगळ्यात जास्त घसरतं ते सहा महिने ते दोन वर्षं या काळात! पाकीट घरी जातं, पण घरी भरवणारं कोण? आपण पुन्हा त्याच आठ तासांपाशी आलो. पुनर्वसन केंद्राचंही तेच. बाळाबरोबर आईने दोन आठवडे तिथे राहायचं. बुडीत मजुरी मिळते हे कबूल, पण घरच्या दोन लहानग्यांचं आणि शेळीचं काय करायचं याचं उत्तर कुठल्या फॉर्मवर नसतं. मग ती पाचव्या दिवशी बाळाला घेऊन निघून जाते आणि रजिस्टरवर शेरा पडतो, 'पालकांचे असहकार्य'.

'आईबापच अडाणी, त्याला कोण काय करणार' असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा देतो. त्याच पाहणीत, सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या मुलांपैकी पुरेसा आणि वेगवेगळ्या प्रकारचा आहार मिळतो अशी मुलं देशभरात किती? ११.३ टक्के. म्हणजे शंभरातल्या ८८ घरांत कमीच पडतंय, त्यात तुमच्या-आमच्यासारखी शिकलेली घरंही आली. आपल्या घरी आजी असते, फ्रिज असतो, जवळ डॉक्टर असतो, म्हणून चूक पचते. मजुराच्या घरी तीच चूक पचत नाही.

असो. आता आपण काय करायचं? 'आम्ही इंजिनिअर, हे डॉक्टरांचं काम' असं म्हणून हात झटकता येतील. पण वरच्या सगळ्या यादीत डॉक्टरचं काम किती आहे ते मोजा. पाणी, रस्ता, निवारा, वेळ, अंतर, नोंदी. हे तर आपलंच खातं आहे! माझ्या तीन सूचना आहेत. प्राचार्य सर, एनएसएसचे सर आणि होस्टेलवासी यांनी विचार करावा.

पहिली सूचना शिबिराच्या तारखेची. आपलं सात दिवसांचं शिबिर दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत होतं, म्हणजे ऊसतोडीवाली घरं कुलूपबंद असतात तेव्हा. आपण जी मुलं बघतो, ज्यांना खाऊ वाटतो, ती गावात मागे राहिलेली, त्यातल्या त्यात बऱ्या घरची. ज्यांच्यासाठी गेलो ती गुजरातेत! सर्व्हेचं सॅम्पलच चुकलेलं. त्याऐवजी दोन रविवार घ्यावेत. एक दिवाळीआधी, माणसं निघण्यापूर्वी. दुसरा होळीला. होळी हा सातपुड्याचा सगळ्यात मोठा सण, जिथे असेल तिथून माणूस होळीला गावी यायला बघतो. अंगणवाडीताईंच्या सोबतीने, आईबापांना विचारून, त्याच मुलांचे दंड दोन्ही वेळा टेपने मोजावेत. आपण इलाज करायचा नाही, मोजायचं आणि ताईंच्या हातात यादी द्यायची. स्थलांतराने त्याच बाळाचा दंड किती मिलिमीटर उतरला, हा आकडा हाती आला तर तो ग्रामसभेत मांडता येईल.

दुसरी सूचना खाऊची. बिस्किटाचे पुडे बंद करावेत. त्याच पैशांत तेलाच्या पिशव्या आणि डाळ येते. आणि वाटण्यापेक्षा गावातल्याच एका आजीकडून पातळ पेज आणि घट्ट खिचडी शेजारी शेजारी शिजवून दाखवावी. चमचाभर तेलात ४० कॅलरी असतात. ८४ च्या वाटीत एक चमचा तेल पडलं तर ती वाटी दीडपट होते. हे सांगायला डिग्री लागत नाही.

तिसरी सूचना सगळ्यात जवळची, आणि म्हणून अवघड. कॅम्पसवर कुठलं ना कुठलं बांधकाम चालूच असतं. कामावर बाया असतात, त्यांची पोरं खडीच्या ढिगावर असतात. आपण रोज लेक्चरला जाताना बाजूने जातो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बाया कामावर असतील तर मुलांसाठी खोली सांगितलेली होती. पण आपल्याकडच्या कामावर बाया असतात दहा-पंधरा. कायदा त्यांच्यापर्यंत पोचणारच कसा? दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर सुरू केलं, त्यातून 'मोबाईल क्रेश' ही संस्था उभी राहिली आणि हे काम पुढे मुंबई-पुण्यापर्यंत पोचलं. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. पत्र्याची एक खोली, पिण्याचं पाणी, त्याच बायांमधल्या एकीला मजुरीइतकाच पगार देऊन मुलं सांभाळायला ठेवायचं, दिवसातून दोनदा घट्ट खिचडी आणि आयांना पाजायला दोन सुट्ट्या. एस्टिमेटिंगच्या पेपरात आपण सिमेंटचं गोडाऊन धरतो, वॉचमनची खोली धरतो. पाळणाघर हा आयटम कुणी धरत नाही. पुढच्या टेंडरमध्ये तो एक आयटम घाला, एवढंच मागणं आहे. एकूण खर्चात तो शोधून सापडणार नाही इतका लहान असेल.

उद्या आपल्यातलेच बरेच जण साइट इंजिनिअर, कंत्राटदार, पीडब्ल्यूडीत साहेब होणार आहेत. मजुरांची हजेरी आपण घेणार, कामाच्या वेळा आपण ठरवणार. साइटवरच्या आईला दुपारी अर्धा तास मिळतो की नाही, हे कुठल्याही योजनेपेक्षा आपल्या सहीवर जास्त अवलंबून असेल. ती सवय कॉलेजातच लागलेली बरी. यंदाच्या शिबिराची तारीख अजून ठरलेली नाही. ज्यांना दिवाळीआधीचा रविवार द्यायचा आहे त्यांनी वाचनालयाच्या बोर्डावरच्या यादीत नाव लिहावं. यादीत पहिलं नाव माझं आहे, दुसऱ्या ओळीपासून जागा रिकामी आहे.